सोमीची चार बोटं

परक्याच्या लेकरांच्या पोटाला हात लावून स्वतःचं पोट भरणारी बाई जव्हार संस्थानात एकच होती, ती साखरशेतची सोमी. असं सांगितलं की लोक हसतात. तेव्हाही हसायचे. पण शाळेतल्या पोरांच्या अंगाला कुणी, कुठं आणि कसा हात लावायचा ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्यापायी सोमीचा एक अख्खा सुगीचा हंगाम कसा गेला हे वाचलंत तर तुमचंही हसू मावळेल.

साल १९१७. तिकडे साहेबाचं महायुद्ध चाललं होतं आणि त्याचा धक्का इकडे आमच्या दवाखान्याच्या कपाटापर्यंत पोचला होता. कोयनेल मिळेनासं झालं होतं. कोयनेल म्हणजे हिवतापावरची ती कडूजहर गोळी. पाऊस संपला की जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात घरोघर हुडहुडी भरायची, आणि वर्षानुवर्षं ताप येऊन गेलेल्या पोरांची पाणथरी फुगायची. पाणथरी म्हणजे प्लीहा, ती डाव्या बरगडीच्या आत असते. ती फुगली की बरगडीखाली उतरते आणि हाताला लागते. फुगलेली पाणथरी पिकलेल्या चिबडासारखी नाजूक. जोराचा धक्का बसला तर आतल्या आत फुटते, आणि मग पोर दिवस मावळेपर्यंत टिकत नाही.

म्हणून दरवर्षी दसऱ्यानंतर दवाखान्याचे डॉक्टर फणसे गावोगावच्या शाळा फिरत. पाणथरी किती बोटं उतरली आहे ते पाहायचं आणि नावापुढे तो आकडा लिहायचा. कोयनेल पुरेसं होतं तोवर एक बोटवाल्यालाही गोळ्या मिळत. त्या वर्षी मात्र डॉक्टरांनी नियम केला की तीन बोटं किंवा त्याहून जास्त असेल त्यालाच गोळ्या. त्याच पोरांची नावं एका वेगळ्या कागदावर मास्तरांना दिली जात. ह्या पोरांना मारायचं नाही, डोक्यावर ओझं द्यायचं नाही, झाडावर चढू द्यायचं नाही. मास्तरांना हा कागद मुळीच आवडत नसे.

हे काम आधी एक कंपाउंडर करायचा. एका पाड्यावर त्याने एका मुलीला खोलीत बोलावलं, वाऱ्याने कागद उडतात म्हणून दार लोटून घेतलं, आणि काही न बोलता तिचं पोट दाबलं. मुलगी किंचाळत घरी पळाली. तासाभरात तिची आई आणि आणखी सात बायका कोयते घेऊन शाळेच्या दारात येऊन बसल्या. कंपाउंडर वाईट माणूस नव्हता असं सगळे म्हणतात, मीही मानतो. पण ते त्या मुलीला कसं कळावं? तिच्यापुरतं एवढंच खरं होतं की एका परक्या बाप्याने दार लावलं आणि तिच्या अंगाला हात घातला. पुढं दोन वर्षं त्या पाड्यावरून एकही मुलगी शाळेत आली नाही.

सोमी तेव्हा दवाखान्यात बाटल्या धुवायची. तिशीतली विधवा, नवरा तापानेच गेलेला, आठ वर्षांची कमू नावाची मुलगी, भावाच्या घराला लागून एक खोली. साखरशेतहून रोज पायी येई. डॉक्टरांनी तिला दवाखान्यातल्या रोग्यांवर हात बसवून शिकवलं. चार बोटं बरगडीच्या कडेला लावून सपाट ठेवायची, पहिलं बोट वर, करंगळी खाली. पोराला श्वास घ्यायला सांगायचं. आतली कड कुठल्या बोटाला टेकते ते ओळखायचं. सोमी महिन्याभरात असं अचूक सांगू लागली की डॉक्टर म्हणाले, “ह्या बाईच्या बोटांना डोळे आहेत.” पोरं तिला ‘बोटांची बाय’ म्हणू लागली.

डॉक्टरांनी नियम घालून दिले. दार सताड उघडं, डॉक्टर बाहेर ओट्यावर पाठमोरे वही घेऊन बसणार, आतून सोमीने आकडा सांगायचा. मुलीची आई येणार असेल तर तिला थांबू द्यायचं. बाकीचं सोमीचं स्वतःचं. ती पोरापेक्षा खाली बसायची, म्हणजे पोर बाकावर आणि ती जमिनीवर. तळवे चोळून ऊन करायची. कुठं हात लावणार ते आधी आपल्याच पोटावर दाखवायची. मग म्हणायची, “आधी तुझा हात ठेव. तुझ्या हातावर माझा. मग तू तुझा काढ.” परक्याचा हात लागला की पोराला बाधतो असं पाड्यांवरच्या आया मानत आणि नंतर नाचणीचे दाणे ओवाळून टाकत. सोमी स्वतःच पदरात नाचणी बांधून न्यायची आणि काम झालं की आईच्या देखत ओवाळून टाकायची. डॉक्टर कपाळाला आठ्या घालत, पण गप्प बसत.

आणि पोर ‘नको’ म्हणालं की नको. ह्यावर ती डॉक्टरांशीही भांडली होती.

करंजपाड्याची फागी अशी दोन वर्षं ‘नको’ म्हणत होती. नऊ-दहा वर्षांची, काटकुळी, डोळे पिवळट. पहिल्या वर्षी ती खांबाला मिठी मारून उभी राहिली. दुसऱ्या वर्षी सोमीसमोर येऊन बसली, हातावर हात ठेवू दिला, आणि मग “नको” म्हणून उठून गेली. डॉक्टर चिडले. सोमी म्हणाली, “साहेब, खांबापासून हितवर आली. पुढच्या सालाला येईल.”

१९१७ चं ते पुढचं साल.

पण त्याआधी भादव्यात एक गोष्ट घडली. सोमी भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी उलटली, चुलीशी लावली, कमूला वाढली. कमू म्हणाली, “आये, तुझं बोट बघ.” करंगळीवर जांभळाएवढा फोड आला होता. भाजलेलं सोमीला कळलंच नव्हतं. तिने फोड दाबला. काही नाही. शेजारच्या बोटाला चिमटा काढला. दुसऱ्याच कुणाचं बोट असावं तसं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुकी झाली होती.

सोमीने हात पदराआड घेतला. कारण साखरशेतच्या लाडक्याचं असंच सुरू झालं होतं. त्याच्या हातावर विस्तवाचा निखारा पडला आणि तो बोलत राहिला, एवढीच पहिली खूण. पुढं चट्टे आले, बोटं झडली. महारोग. गावाने त्याला शेताच्या कडेला खोपटं बांधून दिलं. बायको दुरून टोपलीत भाकर ठेवून निघून यायची, आणि त्याची पोरं त्याला बाप म्हणायची विसरली. सोमीने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिने कुणाला सांगितलं नाही. फोडावर चिंधी बांधली, कमूला म्हणाली कोयता लागला. त्या दिवसापासून तिने कमूची वेणी घालायची सोडली. पोरीला भावजयीच्या खोलीत झोपायला पाठवलं, आपलं ताट वेगळं केलं. कमू एकदा मागून येऊन गळ्यात पडली तर सोमीने तिला असं ढकललं की पोरगी भिंतीवर आदळली. मग दोघीही रडल्या, पण सोमीने तिला जवळ घेतलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला ह्याचा काय अर्थ लागला असेल, तो विचार आला की माझाच जीव कासावीस होतो.

तुम्ही म्हणाल, दवाखान्यात काम करत होती, डॉक्टरांना विचारायचं. सांगायला सोपं आहे. विचारलं असतं आणि ते ‘हो’ म्हणाले असते, तर त्याच दिवशी काम गेलं असतं, गाव गेलं असतं, कमू गेली असती. न विचारता निदान उद्यापर्यंत तरी सगळं होतं तसं राहत होतं. सोमी असा एकेक उद्या ढकलत राहिली.

दसरा झाला आणि शाळांची फेरी सुरू झाली.

आता तिच्यापुढे दुहेरी भीती होती. मुकी झालेली दोन बोटं म्हणजे नेमकी तिसरं आणि चौथं. पाणथरी तीन-चार बोटं उतरली असेल तर ती कड ज्या बोटांना टेकायची तीच काही सांगेनात. दोनपर्यंत कळे, पुढे अंधार. हात खाली सरकवून चांगल्या बोटांनी चाचपता आलं असतं, डावा हात लावता आला असता. पण तिला लावायचाच नव्हता हात. प्रत्येक पोराच्या पोटावर हात ठेवताना तिला लाडक्याचं खोपटं दिसे. आपल्या हातातून ह्या पोराच्या अंगात काय जातं आहे? ती हात जेमतेम टेकवायची, न टेकवल्यासारखा, आणि लगेच काढून घ्यायची. बाहेरून डॉक्टर विचारायचे, “किती?” ज्याचं पोट सपाट त्याला ती “नाही” म्हणायची, ज्याचं पुढं आलेलं त्याला “दोन”. दिवसभर दोन, दोन, दोन. नाचणीचे दाणे ओवाळताना ते तिच्या मुठीतून गळायचे. आया समजायच्या, बाई थकली.

अशा अकरा शाळा झाल्या. बारावी करंजपाड्याची.

फागी सोमीसमोर आपणहून येऊन बसली. तिची आई पोशी दाराशी उभी होती. फागीने सोमीला काही म्हणायचीही संधी दिली नाही. स्वतःच फडकं वर केलं, स्वतःचा हात पोटावर ठेवला, आणि मान वर करून म्हणाली, “आता ठेव.” पोशी हसली. “दोन सालां भ्यायली. आता मनाच सांगं, चल, बायला पोट दाखवूं.”

दोन वर्षं वाट पाहून मिळालेला तो होकार. सोमीने फागीच्या हातावर हात ठेवला. फागीने आपला काढून घेतला. पोट डावीकडे फुगलेलं नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. सोमीची पहिली दोन बोटं गच्च भरली, पुढची दोन मुकीच. जरा खाली सरकली असती तर कळलं असतं. पोरीच्या अंगाची ऊब तिच्या तळव्याला लागली आणि तिने चटका बसल्यासारखा हात काढला.

“किती?” बाहेरून आवाज आला.

“दोन,” सोमी म्हणाली.

फागीने विश्वासाने फडकं खाली केलं.

चार दिवसांनी शनिवारी दवाखान्यात डॉक्टर दरबाराला पाठवायचा अहवाल वाचत होते. खुशीत होते. “सोमी, गेल्या वर्षी तीन आणि त्यावरची एकेचाळीस पोरं होती. ह्या वर्षी एकही नाही. हिवताप ओसरला म्हणायचा. दरबार खूश होईल.” ते तसे हुशार, पण चांगली बातमी आली की हुशार माणूसही ती उलटून पाहत नाही. सोमी बाटली धूत होती. एकही नाही! हिवताप कुठं ओसरला होता? ओसरली होती तिची बोटं.

तेवढ्यात करंजपाड्याचे चुरी मास्तर खोकल्याचं औषध घ्यायला आले. चुरी मास्तर दुष्ट नव्हते. पाठीत बुक्का घातल्याशिवाय पाढे चढत नाहीत हे त्यांना त्यांच्या मास्तरांनी बुक्के घालूनच शिकवलं होतं, आणि ते एवढंच शिकले होते. ते हसत म्हणाले, “ह्या वर्षी तुमचा तो कागद नाही, बरं झालं. आमचे हात मोकळे झाले. ती फागी तर हल्ली वर्गात झोपाच काढते. सोमवारपासून बघतो तिच्याकडे.”

सोमीच्या हातातली बाटली फुटली. डॉक्टर तिला ओरडले. ती काचा गोळा करत राहिली. तेव्हाही बोलली नाही! मला तिचा राग येतो तो इथं. दोन माणसं समोर होती, एक वाक्य पुरलं असतं. पण त्या एका वाक्यामागून घर आणि लेक जाणार असेल तर ते कुठून यायचं, तेही मला ठाऊक आहे.

रविवार कसा गेला ते तिचं तिलाच माहीत. सोमवारी दिवस उगवताच ती दवाखान्याची वाट सोडून करंजपाड्याच्या वाटेला लागली. दोन घाट, तीन तासांची चाल. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली, ओळखीच्या बायका हाका मारत होत्या. ती कुणाकडे बघेना. शाळा भरायच्या आत पोचायचं. मास्तरांना एवढंच सांगायचं, हिला हात लावू नका. पुढचं पुढं. ती धावत होती, धाप लागली की चालत होती, पुन्हा धावत होती.

ती पोचली तेव्हा पाढे चालू होते. फागीची जागा रिकामी होती.

“फागी कुठंय?”

“गेली घरी,” चुरी मास्तर म्हणाले. “आल्या आल्या पेंगायला लागली. पाठीत एक दिली, तर रडत निघून गेली. नाटकं सगळी.”

सोमी तशीच पाड्याकडे पळाली.

फागी ओटीवर कुशीवर पडली होती. पोशी सुपात नाचणी पाखडत होती. सोमी जमिनीवर बसली, तळवे चोळायला गेली, आणि हात तसेच थांबले. फागी तिच्याकडे पाहून म्हणाली, “नको.”

“दुखतं?”

फागीने मान हलवली. “हात नको लावूं.”

आता काय करायचं? आत फुटलं असेल तर घटकाघटकेला पोर हातातून चाललं होतं. पोट कडक झालंय का ते चाचपायलाच हवं होतं. पण पोर नको म्हणत होतं, आणि हात हा असा. सोमीने दोन्ही हात मागे नेले. मग तोंडाला कुलूप लावून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

“पोशे, मी खोटं सांगितलं. हिची पाणथरी दोन बोटं नाय, जास्ती हाय. मला कळली नाय, आन् मी कळून घेतली बी नाय. माझी दोन बोटं मेलीत. लाडक्यासारखा रोग झालाय वाटतं मला. त्याच हातानं मी हिला शिवले.”

सूप पोशीच्या हातातून खाली गेलं. ती फागी आणि सोमीच्या मध्ये येऊन उभी राहिली. “लांब हो,” ती म्हणाली. ओरडली असती तर सोमीला बरं वाटलं असतं. तिने अगदी हळू म्हटलं.

सोमी अंगणाच्या कडेपर्यंत मागे सरली आणि तिथून सांगत राहिली. “हिला चालवू नका. पोट दाबू नका. झोळी करा, आताच्या आता दवाखान्यात न्या. मला काय करायचं ते मागनं करा, पर हिला न्या.”

पोशीने शेतातून चार माणसं बोलावली. घोंगडीची झोळी बांबूला बांधली, फागीला अलगद आत ठेवलं. पोशी बाजूने चालत होती. सोमी मागून, पन्नास पावलं अंतर राखून. तेवढं अंतर ठेवायला पोशीनेच बजावलं होतं. घाटात झोळी थांबली की सोमीला वाटे, गेली. झोळी पुन्हा हलली की तीही पाऊल उचले. तीन तासांत असं अकरा वेळा झालं.

डॉक्टरांनी फागीला विचारलं. तिने आईचा हात पोटावर ठेवला, आणि त्यावर डॉक्टरांना हात ठेवू दिला. सोमी दवाखान्याबाहेर चिंचेखाली उभी होती. बऱ्याच वेळाने डॉक्टर दारात आले. “चार बोटं आहे. फुटलेली नाही. पण दोन बोटं कुणी सांगितली मला?”

सोमीने उजवा हात पुढे केला.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून कोंबडीचं पीस एकेका बोटावरून फिरवलं, टाचणी टोचली. चट्टे पाहायला त्यांनी आपल्या पत्नीला बोलावलं आणि आतल्या खोलीत पाठ, मांड्या, सगळं तपासून घेतलं. चट्टा नव्हता. मग त्यांनी कोपर दाबलं आणि सोमी किंचाळली. कोपर वाकडं होतं. लहानपणी ती झाडावरून पडली होती, एका जाणत्याने बांबूच्या कामट्या बांधून हाड बसवलं होतं, ते तिरकं बसलं होतं. “ह्या वाकड्या हाडावर तुझी बोटांकडे जाणारी शीर वीस वर्षं घासते आहे,” डॉक्टर म्हणाले. “दोन बोटं मेली ती त्याने. महारोगात शीर जाडावते, तुझी जाड नाही, चट्टाही नाही. मला तरी महारोग दिसत नाही. सहा महिन्यांनी परत बघू.”

सोमी खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. डॉक्टरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, “रोग नाही म्हणून सुटलीस असं समजू नकोस. रोग असता तरी मला सांगायला हवं होतंस. तुझी बोटं मुकी होती, तोंड नव्हतं.” त्या संध्याकाळी तिने कमूची वेणी घातली. कमू तिच्याकडे पाठ करून बसली होती आणि वेणी पुरी होईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरांनी दरबाराला कळवलं की अहवाल चुकीचा आहे, आणि बाराही शाळा पुन्हा तपासल्या, ह्या वेळी स्वतः, प्रत्येक पोराची आई जवळ बसवून. तीन आणि त्यावरची सदतीस पोरं निघाली. एका पाड्यावर मंगळू नावाचा मुलगा पहिल्या फेरीनंतर आठव्या दिवशी तापाने गेला होता. त्याच्या नावापुढे सोमीचे दोन होते. कोयनेल मिळालं असतं तर तो जगला असता की नाही हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. सोमीने त्यांना तीनदा विचारलं.

त्या फेरीत सोमी फक्त पेटी उचलून होती. ती दिसली की आया पोरांना पदराआड घेत. महारोग झाल्याची बातमी चार दिवसांत मोखाड्यापर्यंत गेली होती. नसल्याची बातमी न्यायला मात्र कुणाला वेळ नव्हता. डॉक्टर म्हणाले, दरबाराला सांगून दवंडी पिटवतो. सोमी म्हणाली, “दवंडीनं हात धुवून निघत नाय, साहेब.” ती पुन्हा बाटल्या धुवायला लागली, आणि कुणी लहान मूल दवाखान्यात आलं की मागच्या अंगणात जाऊन बसायची.

महिना झाला. मार्गशीर्षात एका दुपारी ती अशीच मागे बसली होती, तर पोशी फागीला घेऊन थेट तिथंच आली. चालवत नाही, कडेवर. फागीला तिने दगडावर बसवलं, सोमीसमोर.

“डाक्टरसाहेब पुढं हायत,” सोमी म्हणाली.

“ठाऊक हाय.” पोशी हलली नाही. “गोळ्या संपल्या. तो बघं, वहीत लिवं, बरं हाय म्हणं. मना काय समजत नाय. तू बघ. पण ह्या खेपेला खरा सांग.”

सोमीने हात पदरात घेतले. “पोशे, लोक काय म्हणतील? आन् माझ्यावर कसा…”

“भरोसा नाय ठेवत मी,” पोशी म्हणाली. “पण तू खोटा बोलली ता तूच येऊन सांगला. दुसरा कोणी आला नसता.”

फागी दोघींकडे पाहत होती. सोमी तिच्याकडे वळली. “ठेवू?”

फागीने बराच वेळ लावला. मग फडकं वर करून आपला हात पोटावर ठेवला. सोमीने डावा हात चोळून ऊन केला आणि तिच्या हातावर ठेवला. फागीने आपला काढून घेतला. सोमीने चार बोटं सपाट लावली, श्वास घ्यायला सांगितलं. एकदा. पुन्हा. हात काढून तिसऱ्यांदा लावला. महिनाभर कोयनेल खाल्ल्यावर कड वर सरकायला हवी होती. डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले होते, सरकली नाही तर लक्षण बरं नाही. कड होती तिथंच होती, करंगळीच्या टोकाशी, घट्ट.

पोशी तिच्या तोंडाकडे पाहत होती. दोन म्हणणं, तीन म्हणणं, उतरतेय म्हणणं, किती सोपं होतं.

“चार,” सोमी म्हणाली. “चारच हाय. जरा बी उतरली नाय.”

पोशीचे डोळे भरले. तिने फागीचं फडकं खाली ओढलं, नीट खोचलं, आणि सोमीच्या शेजारी जमिनीवर बसली.

“मग आता काय करूं, ता सांग,” ती म्हणाली.